मुठीचे तांदूळ आणि ए-टू फॉर्म

"बाई, तुमच्या मंडळीनं केनियाला पैसे पाठवले म्हणे. कसे पाठवले?" हा प्रश्न गेल्या काही महिन्यांत मला निरनिराळ्या गावच्या ख्रिस्ती मंडळ्यांतून चार-पाच जणांनी विचारला. दर वेळी फोनवर पाऊण-पाऊण तास बोलून घसा बसतो, म्हणून एकदाच लिहून ठेवते. मी वकील नाही, सीए नाही. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, म्हणून निवृत्तीनंतर मिशन फंडाची वही माझ्या गळ्यात पडली, एवढीच माझी पात्रता.

सुरुवात झाली २४ नोव्हेंबर २०२४ च्या रविवारी, सुगीच्या उपासनेला. वेदीपुढे बाजरीची कणसं, भोपळे, ऊस, टोमॅटोच्या पाट्या आणि पाय बांधलेले दोन कोंबडे. उपासना झाल्यावर नेहमीप्रमाणे अंगणात लिलाव. तीस रुपयांचा भोपळा नऊशेला जातो आणि घेणारा तोच भोपळा परत लिलावाला ठेवतो, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना जास्त सांगायला नको. त्या दिवशी ४१,३०० रुपये जमले.

त्या वर्षी आमच्या मंडळीतली एक मुलगी सुट्टीवर आली होती. मिरजेला नर्सिंग शिकलेली, आता चार वर्षं केनियाच्या किनारपट्टीवर एका मिशनच्या दवाखान्यात काम करते. आम्ही तिला सिस्टरच म्हणतो. पाळकसाहेबांनी तिला दहा मिनिटं दिली, ती पंचवीस मिनिटं बोलली, आणि कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही.

ती म्हणाली, मोंबासात केंगेलेनी नावाची जागा आहे. केंगेलेनी म्हणजे 'घंटेपाशी'. ती घंटा फ्रेअरटाउनची. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या लोकांसाठी चर्च मिशनरी सोसायटीनं १८७५ च्या सुमारास वसवलेलं ते गाव, मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्या नावाचं. ते उभं करायला जे पाद्री प्राइस गेले, ते आधी कुठे होते? इथे, नाशकात, शरणपूरला. गुलामगिरीतून सुटलेली आफ्रिकन मुलं शरणपूरच्या मिशनमध्ये शिकत होती, सुतारकाम-लोहारकाम शिकत होती. त्यांतलेच काही जण पुढे परत आफ्रिकेला गेले. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे १८६४ मध्येच मोंबासाजवळच्या राबईला पोहोचले होते. आफ्रिकेत फिरलेले मिशनरी लिव्हिंग्स्टन तिथे वारले, त्यांचं हृदय तिथेच पुरताना प्रार्थना वाचणारा जेकब वेनराइट हाही नाशिकच्याच शाळेचा.

मी शरणपूर रोडवरून आयुष्यभर भाजी आणली. यातलं निम्मं मला ठाऊक नव्हतं.

मग ती दवाखान्यावर आली. बाळंतपणं, मलेरिया, लसी. वीज जाते तेव्हा लसींचा फ्रीज कसा सांभाळायचा याची चिंता. पैसे मागितले नाहीत तिनं. पण उपासना सुटल्यावर पायऱ्यांवरच सगळ्यांचं ठरून गेलं की लिलावाचे पैसे केनियाला जायचे. शिवाय महिला मंडळाची मूठ होतीच.

मुठीचं सांगते. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक मिझो पाहुणे येऊन गेले. मिझोराममध्ये १९१० पासून ख्रिस्ती घरांतल्या बायका प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढतात. त्याला बुहफाइ थाम म्हणतात. ते तांदूळ गोळा करून विकतात आणि त्यावर तिथल्या मंडळ्या मिशनरी पाठवतात. आमच्या बायकांनी ते उचललं. कुणी तांदूळ काढतं, कुणी बाजरी, फ्लॅटमधल्या सुना सरळ डब्यात दहा रुपये टाकतात. महिन्याला तीन-साडेतीन हजार होतात. यात सगळ्यात नियमित आमच्या आत्याबाई, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांचा डबा कधी चुकला नाही.

जानेवारी २०२५ मध्ये पाच जणांची कमिटी झाली आणि मी खजिनदार. वहीत तेव्हा ५८,६०० रुपये होते. मला वाटलं, बँकेत जायचं, फॉर्म भरायचा, झालं. पंधरा दिवसांचं काम. प्रत्यक्षात सहा महिने लागले.

पहिला धक्का २२ जानेवारीला, मंडळीच्या सीएंकडे. ते माझेच विद्यार्थी, दहावीला भूमितीत कच्चे होते, अजूनही मला 'बाई' म्हणतात. म्हणून स्पष्ट बोलले. "बाई, मंडळीच्या ट्रस्टच्या खात्यातून एक रुपया बाहेर पाठवू नका." का? तर तेव्हाच्या, १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ११ प्रमाणे धर्मादाय ट्रस्टला करात जी सूट मिळते, ती उत्पन्न भारतात खर्च केलं तर. बाहेर खर्च करायचं तर सीबीडीटीचा, म्हणजे दिल्लीच्या केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचा आदेश लागतो. आमच्यासारख्या १ एप्रिल १९५२ नंतरच्या ट्रस्टला तर तो खर्च भारताला ज्यात रस आहे अशा आंतरराष्ट्रीय कल्याणासाठी आहे हेही दाखवावं लागतं. दिल्लीपर्यंत अर्ज. अठ्ठावन्न हजारांसाठी.

बरं, परकीय चलन कायद्याखाली एलआरएस नावाची जी सोय आहे, उदारीकृत प्रेषण योजना, ती फक्त व्यक्तींसाठी आहे. माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत. ट्रस्ट, भागीदारी, कंपनी यांना ती नाही.

आमच्यातले एक वडीलधारे म्हणाले, मग एफसीआरएच्या, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या जुन्या खात्यात काही शिल्लक आहे ती पाठवू, ते खातं परदेशाचंच ना! सीएंनी हातच जोडले. "काका, ते पैसे बाहेरून आत यायचे. एकदा आले की इथेच, ज्या कामासाठी आले त्यासाठीच. २०२० च्या दुरुस्तीनंतर तर दुसऱ्या संस्थेलासुद्धा देता येत नाहीत. त्याला हात लावू नका." हे मुद्दाम लिहिते, कारण दोन मंडळ्यांतून मला हीच युक्ती ऐकू आली. करू नका.

मग मी माझी युक्ती काढली. सगळ्यांनी पैसे माझ्या खात्यात भरावेत, मी माझ्या नावानं पाठवते. माझा विद्यार्थी हसला. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात एकूण पन्नास हजारांच्या वर रक्कम फुकट आली, तर ती सगळीच्या सगळी माझं उत्पन्न धरली जाते आणि कर लागतो. शिवाय बँक विचारणार, पेन्शनरच्या खात्यात एवढी रोकड कुठून. "बाई, तुमच्या खात्यातून तुमचेच पैसे पाठवा. दुसऱ्यांनी त्यांच्या खात्यातून त्यांचे."

म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं परदेशी दान मंडळी देत नाही, माणूस देतो. हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. पुढचं सगळं त्यातूनच आलं.

२ फेब्रुवारीच्या रविवारी उपासनेनंतर मी हे मांडलं. मंडळीचा चेहरा पडला. आत्याबाई पहिल्या बाकावरून म्हणाल्या, "म्हणजे माझी मूठ पासपोर्ट नाही म्हणून अडकली." लोक हसले. मला मात्र वाईट वाटलं, कारण त्यांचं खरंच होतं. ज्यांनी महिनोन्‌महिने दिलं त्यांचे पैसे वहीत पडून, आणि ज्यांच्याकडे पॅन, पासबुक आणि चार पैसे जास्त आहेत त्यांचेच जाणार.

त्यावर तोडगा पाळकसाहेबांनी सुचवला आणि सीएंनी तपासून दिला. पेठ तालुक्यातल्या एका वसतिगृहाचा धान्याचा खर्च आमची सहा कुटुंबं बरीच वर्षं आपापल्या खिशातून करत होती. आता तो खर्च मुठीच्या आणि लिलावाच्या पैशातून मंडळी करणार. ट्रस्टचा पैसा भारतात, ट्रस्टच्या उद्देशासाठी, पावतीसह. आणि ती सहा कुटुंबं, आमचं धरून, स्वतःचे पैसे स्वतःच्या नावानं केनियाला पाठवणार. कुणावर बंधन नाही, कुणी कुणाला पैसे परत करायचे नाहीत, हे ठरावात लिहून घेतलं. सीएंचा एकच आग्रह होता: ठरावात 'बदली' असा शब्द येऊ देऊ नका, कारण ही बदली नाही. प्रत्येक जण आपापलं दान वेगळं देतोय.

आत्याबाईंना पटलं नाही. "पेठला तर मी आधीपासून देतेच आहे," म्हणाल्या. मी गप्प बसले.

फेब्रुवारीचा उरलेला महिना पैसे नेमके कुठे पाठवायचे यात गेला. एका तरुणानं सांगितलं, सिस्टरच्या फोनवरच पाठवा, केनियात सगळे एम-पेसा वापरतात. खरं आहे, २००७ पासून तिकडे मोबाइलवरच पैसे फिरतात. पण सिस्टरनंच नकार दिला. तिचा व्हॉइस मेसेज अजून माझ्याकडे आहे: "काकू, माझ्या नावावर नको. उद्या मी बदलून गेले तर? दवाखान्याच्या खात्यावर पाठवा. तिथे ऑडिट होतं, पावती येते." तिचं मानधनसुद्धा दवाखानाच ठरवतो. ज्या मंडळ्या थेट माणसाच्या खात्यावर पाठवतात त्यांनी हे एकदा ऐकावं.

केनियाची वेळ आपल्या अडीच तास मागे. त्यामुळे तिकडच्या कार्यालयाशी बोलायचं म्हणजे आपली दुपार. आमच्या ह्यांची वामकुक्षी त्या दिवसांत पार बुडाली. मी समोरच्या खोलीत मोडक्या इंग्रजीत मोठ्यानं बोलायची. तिकडून आम्ही काय मागवलं ते सांगते: संस्थेच्या नोंदणीचा दाखला, लेटरहेडवर सहीशिक्क्यानिशी पत्र की आम्हाला दान हवंय आणि ते अमुक कामासाठी वापरू, खात्याचं पूर्ण नाव, खाते क्रमांक, बँकेचं नाव-शाखा-पत्ता आणि स्विफ्ट कोड, म्हणजे बँकेची आंतरराष्ट्रीय ओळख. आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, मागू नका, केनियात तो वापरत नाहीत. आमच्या फॉर्मवर तो रकाना होता आणि तो रिकामा ठेवायचा की काय यावर मी दोन दिवस डोकं फोडलं. हे कागद १९ मार्चला ईमेलनं आले.

सीए म्हणाले, आता मार्चएंड आहे, बँकेत कुणी तुमच्याकडे पाहणार नाही. एप्रिलमध्ये जा. आणखी एक: एलआरएसवरचा टीसीएस, म्हणजे पाठवतानाच कापला जाणारा कर, १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाखांच्या वर गेल्यावरच लागतो, आधी ही मर्यादा सात लाख होती. आमच्यासारख्यांना दोन्ही सारखंच, पण एका भावानं "वीस टक्के कापतात" असं ऐकून माघार घ्यायची तयारी केली होती. ते वीस टक्के दहा लाखांच्या वरच्या रकमेवर. तुम्ही आम्ही पाठवतो त्यावर शून्य.

आणि हे दान ८०जी मध्ये, म्हणजे दानावर करसवलत देणाऱ्या तेव्हाच्या कलमात, बसत नव्हतं. परदेशी संस्थेला दिलेल्या दानावर इथे सूट नाही. हे आधीच सांगून टाका, नाहीतर जुलैत रिटर्न भरताना मंडळीत रुसवे होतात.

३ एप्रिलला मी माझ्या बँकेत गेले, कॉलेज रोडच्या बाजूची छोटी शाखा. अर्धा तास बसल्यावर कळलं की परकीय चलनाचं काम तिथे होतच नाही, मुख्य शाखेत जा. (जाण्याआधी फोन करून विचारा. रिक्षाचे १८० रुपये आणि एक सकाळ वाचेल.) मुख्य शाखेतल्या टेबलावर माझ्या नातीच्या वयाची मुलगी. तिनं ए-टू फॉर्म दिला. नाव, पॅन, रक्कम, कुणाला, कशासाठी, आणि खाली घोषणा की या वर्षात एलआरएसखाली आणखी किती पाठवलंय. पॅन लागतोच, रक्कम कितीही लहान असो.

'कशासाठी' याला पर्पज कोड असतो. तिनं एस-१३०२ लिहिला. मी पेन्शनर असले तरी वाचायची सवय आहे. मागच्या यादीत पाहिलं तर १३०२ म्हणजे वैयक्तिक भेट आणि देणगी, आणि १३०३ म्हणजे परदेशातल्या धार्मिक व धर्मादाय संस्थांना देणगी. मी म्हटलं, "बाळ, आपला १३०३." ती म्हणाली, "मॅडम, १३०३ मी कधी केलाच नाही." मग साहेबांना विचारायला गेली.

साहेब आले ते वेगळंच घेऊन. "केनिया यादीत आहे." कसल्या यादीत? एफएटीएफच्या, म्हणजे काळ्या पैशाच्या व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या. एलआरएसखाली एफएटीएफनं असहकारी ठरवलेल्या देशांना पैसे जात नाहीत. माझ्या पोटात गोळा आला. घरी येऊन मी आणि नातीनं शोधलं. केनिया फेब्रुवारी २०२४ पासून ज्या यादीत आहे ती 'वाढीव देखरेखी'ची, लोक जिला ग्रे लिस्ट म्हणतात. काळी यादी निराळी. तिच्यात उत्तर कोरिया, इराण आणि म्यानमार. ग्रे लिस्टमुळे बँक जास्त प्रश्न विचारते, पण पैसे पाठवायला बंदी नाही. १० एप्रिलला मी त्या पानाचं प्रिंट घेऊन गेले. साहेबांनी चष्मा वर करून वाचलं, मुंबईला ईमेल केला. उत्तराची वाट पाहण्यात पवित्र आठवडा गेला, उत्तम शुक्रवार गेला, ईस्टर गेला. २५ एप्रिलला होकार आला.

या काळात मला सगळ्यात जास्त काय लागलं असेल तर रांगेतल्या एका गृहस्थांचं बोलणं. माझा फॉर्म पाहून म्हणाले, "तुमच्यात तर बाहेरून पैसे येतात ना? तुम्ही उलटे कसे पाठवता?" चेष्टेत म्हणाले, वाईट हेतू नव्हता. मी हसून 'हो, उलटंच' म्हटलं. पण त्या दिवशी रिक्षात बसल्यावर वाटलं, खरंच, माझ्या आजीच्या शाळेची फी कुठल्या तरी परक्या गावातल्या बायकांनी भरली असेल. त्यांनी आपलं नाव कुठे लिहून ठेवलं नाही. ठेवलं असतं तर मी पत्र पाठवलं असतं.

२९ एप्रिलला, मंगळवारी, आधी फक्त माझे ३०० डॉलर गेले. चाचणी म्हणून. सगळ्यांचे एकदम पाठवू नका, एकाचे पाठवून पाहा, हा माझा सगळ्यात उपयोगी सल्ला. हिशेब असा. त्या दिवशीचा बँकेचा विक्रीदर ८६ रुपये ६० पैसे, म्हणजे २५,९८० रुपये. बँकेचं कमिशन ५००, स्विफ्ट संदेशाचे ५००, दोन्हींवर जीएसटी १८०. चलन बदलण्यावर वेगळा जीएसटी ४७. एकूण २७,२०७.

चार दिवस झाले, आठवडा झाला, पैसे पोहोचले नाहीत. रोज दुपारी सिस्टरला मेसेज, रोज तिचं 'नाही काकू'. रात्री झोप लागेना. पैसे माझे होते, बुडाले तर माझे बुडाले. पण मंडळीत सांगायचं काय? बँकेत जाऊन स्विफ्ट संदेशाची प्रत मागितली. ती मागायचा आपल्याला हक्क आहे, न लाजता मागा. त्यावरून तिकडच्या बँकेनं कारण सांगितलं: खात्याचं नाव जुळत नाही. आम्ही दवाखान्याचं नाव लिहिलं होतं. खातं मात्र त्यांच्या विश्वस्त मंडळाच्या लांबलचक नावावर, 'रजिस्टर्ड ट्रस्टीज' वगैरे धरून. त्यांच्या पत्रात ते पूर्ण नाव होतं. मीच फॉर्मच्या रकान्यात मावेना म्हणून छाटलं. चूक माझी. दुरुस्तीचा संदेश पाठवायला ५९० रुपये. १४ मेला पैसे जमा झाले, पण ३०० नाहीत. २८२.

अठरा डॉलर वाटेतल्या मधल्या बँकेनं घेतले. फॉर्मवर खर्च कुणाचा याचा एक चौकोन असतो. मी 'शेअर्ड'वर खूण केली होती, कारण अर्धा अर्धा हे न्यायाचं वाटलं. त्याचा अर्थ असा की तुमच्या बँकेचा खर्च तुमचा आणि वाटेतला सगळा घेणाऱ्याचा. पूर्ण रक्कम पोहोचवायची तर 'अवर'वर खूण हवी. मग वाटेतला आकारही आपली बँक आपल्याकडून घेते.

मी वहीत मांडलं: २५,९८० रुपयांवर एकूण खर्च ३,३७६. शेकडा तेरा. शाळेत असते तर गणिताच्या पेपरात घातलं असतं.

यातून जून महिन्यात दोन गोष्टी ठरल्या. दरमहा पाठवायचा मूळ बेत रद्द. आकार ठोक आहेत, रक्कम छोटी असो की मोठी, तेवढेच. म्हणून वर्षातून एकदा, माणशी ५०० डॉलर. दुसरं, प्रत्येकाचा फॉर्म मी समोर बसून भरायचा. त्यातही एका दादांच्या पॅनवरचं नाव आणि बँकेतलं नाव वेगळं निघालं. बँकेत वडिलांचं नाव मध्ये होतं, पॅनवर नव्हतं. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर तर तिसरंच. केवायसी दुरुस्तीला तीन आठवडे. आपल्या लोकांत हे फार, तेव्हा ज्यांना पाठवायचंय त्यांनी आजच पॅन आणि पासबुक शेजारी ठेवून पाहा.

८ जुलैला पाच कुटुंबांचे पाच फॉर्म. दर ८७.२०, म्हणजे प्रत्येकी ४३,६०० रुपये. 'अवर'चा आकार धरून कमिशन, स्विफ्ट आणि जीएसटी २,४७८, चलनाचा जीएसटी ७८. शेकडा सहाच्या आत आलं. त्या मुलीनं १३०३ स्वतःहून लिहिला आणि माझ्याकडे पाहून हसली. ११ जुलैला सिस्टरचा फोटो आला, संगणकाच्या पडद्याचा: पाचही रकमा पूर्ण. त्याच दिवशी मी वेड्यासारखी जिना उतरून खाली शेजारच्या वहिनींना सांगायला गेले. त्यांना काहीच कळलं नाही, पण चहा दिला.

पावत्या ऑगस्टमध्ये आल्या, प्रत्येकाच्या नावाची वेगळी. सोबत एका पानाचा खर्चाचा तक्ता: सोलर फ्रीजसाठी इतके, औषधांना इतके, सिस्टरच्या मानधनात इतके. सिस्टरनं पेनानं वर लिहिलं होतं, "काकू, इकडे हिशेबाला हेसाबु म्हणतात." मी ए-टू फॉर्मची प्रत, स्विफ्टची प्रत आणि पावती असे तिन्ही कागद एकत्र टाचून प्रत्येकाला दिले आणि सांगितलं, फेकू नका, पुढच्या वर्षी बँक गेल्या वर्षीचं विचारेल. मुठीच्या पैशातून पेठच्या वसतिगृहाला तांदूळ आणि तूरडाळ गेली, त्याच्या पावत्या ट्रस्टच्या फायलीत.

२३ नोव्हेंबर २०२५ ला पुन्हा सुगीची उपासना. या वेळी व्हिडिओवरून सिस्टर बोलली, आवाज अर्धा तुटला, फ्रीज मात्र दिसला. लिलाव चालू असताना आत्याबाई माझ्याजवळ आल्या. पिशवीतून प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेला कागद काढला. पॅन कार्ड. नातवानं आधारवरून घरबसल्या ई-पॅन काढून दिलं होतं, फुकट. म्हणाल्या, "आता माझं नाव लिही. पंधरा हजार साठवलेत."

मी हिशेब सांगायला लागले: आत्या, पंधरा हजारांवर अडीच हजार आकार जाईल, शेकडा सोळा-सतरा पडतं, त्यापेक्षा पेठला... त्यांनी मला मध्येच थांबवलं. "शरणपूरची पोरं गेली तेव्हा त्यांना बोटीचं भाडं पडलंच असेल की नाही?"

मी पेन काढलं. मग विचारलं, खातं कुठल्या बँकेत आहे? तर बँकेत नाहीच. सगळी पुंजी गल्लीतल्या पतसंस्थेत, आणि पतसंस्थेतून परदेशी पैसे जात नाहीत. मंगळवारी अकरा वाजता त्यांना घेऊन खातं उघडायला जायचंय. आधार, पॅन, दोन फोटो, विजेचं बिल. आणि आत्याबाईंचा चष्मा, तो त्या हमखास विसरतात.